बावीस रविवार

पाच किलो म्हणजे पाच किलो, असं दिगंबरनं चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं, तेव्हा आठल्यांच्या जेवणाच्या टेबलावर नऊ किलोंचा ढीग तयार होता आणि शैलाताई अजून डमडमहून यायच्याच होत्या.

लष्करातला हवालदार दिगंबर साताऱ्याकडचा. महिन्याची सुट्टी संपवून ठाण्यावर परत निघालेला. सकाळी हावड्याला उतरला होता, संध्याकाळी सियालदहहून जलपायगुडीची गाडी, तिथून लष्कराच्या ट्रकनं उत्तर सिक्कीम आणि शेवटचा दीड दिवस पायी चढ. त्या चढावर पाठीला स्वतःचं सामान असतं आणि छातीत हवा पुरत नाही. तिथं पाव किलोसुद्धा माणसाशी भांडतो, असं तो हसत हसत म्हणाला. आठल्यांची सून लीना, तिचा मुलगा कॅप्टन सुश्रुत याच ठाण्यावर होता. तिथं जाणारा-येणारा मराठी जवान कोलकात्यातल्या बेहाल्याच्या या फ्लॅटमध्ये आंघोळ आणि जेवण केल्याशिवाय पुढं जायचा नाही, हा गेल्या दोन वर्षांतला शिरस्ता. जिन्यात लष्करी बूट दिसले की वरच्या मजल्यावरच्या चॅटर्जीबाई न विचारता एक वाटी दही पाठवून द्यायच्या.

ऑक्टोबर संपता संपता तिथं बर्फ पडतं आणि वाट बंद होते ती पार एप्रिलपर्यंत. मध्ये हेलिकॉप्टर आलंच तर रेशन आणि औषधं घेऊन येतं, चकल्या घेऊन नाही. ठाण्यावर फोन चालत नाही. म्हणून आठल्यांकडे अर्ध्या वर्षाचे सण एका दिवसात बांधायचे असत. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याची गाठी, सगळं एकाच खोक्यात, प्रत्येक पुडीवर तारीख. ऑक्टोबरात साखरेच्या गाठी कोण विकणार? लीनानं कालीघाटाजवळच्या दुकानातले बत्तासे आणून सुईनं दोऱ्यात ओवले होते. निम्मे ओवतानाच फुटले. उरलेल्यांची माळ बघून मनोहर, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला होता की ही गाठी गुढीला लावली तर गुढीच रुसून बसेल.

शैलाताई अकराला आल्या. मनोहरची थोरली बहीण. हातात अनारशांचा डबा, खांद्याला पिशवी, पिशवीत लोकरीचे मोजे तीन जोड आणि मेट्रोत कुणीतरी पायावर पाय दिला त्याचा राग. पाच किलोंचं ऐकल्यावर त्यांनी आधी दिगंबरकडे आणि मग वजनकाट्याकडे असं पाहिलं, जणू दोघांपैकी एक खोटं बोलतोय. मग निवडानिवड सुरू झाली. बेसनाचे लाडू राहिले, शंकरपाळी गेली. सुश्रुतनं मागवलेल्या लिमलेटच्या गोळ्या, पेन्सिली आणि बुटांच्या नाड्या यांना हात लावायचा नाही, हे दिगंबरनं बजावलं. थंडीत पेनातली शाई गोठते, पेन्सिल चालते. शैलाताईंचे अनारसे निम्मे झाले. उरलेले निम्मे डब्यात परत भरताना त्यांनी झाकण जरा जोरातच लावलं. आणि खोकं काट्यावर बरोबर पाच किलो दाखवायला लागलं, तेव्हा मनोहरनं टाळी वाजवली. दिगंबर हॉलमधल्या दिवाणावर आडवा झाला आणि पाठ टेकताक्षणी घोरायला लागला.

तेवढ्यासाठीच जणू सगळे थांबले होते. मनोहरनं लीनाला आणि बहिणीला डोळ्यांनी खुणावलं आणि तिघं स्वयंपाकघरात गेली. आतून दार लावलं. मनोहरनं मिक्सरच्या भांड्यात मूठभर साखर टाकली आणि बटण दाबलं.

मिक्सर का, तर आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. आप्पा, म्हणजे मधुकर आठल्ये, मनोहर-शैलाचे वडील, वय वर्षं त्र्याऐंशी. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत सगळी नोकरी काढलेला माणूस, आणि आता पलीकडच्या खोलीत खिडकीशी पडून असलेला. डॉक्टरांनी सप्टेंबरातच मनोहरला बाजूला घेऊन सांगितलं होतं. स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला. दिवाळी बघतील, होळीची खात्री देता येत नाही. मनोहरनं ते बायकोला आणि बहिणीला सांगितलं आणि आप्पांना सांगितलं की यकृताला सूज आहे, पथ्य पाळा.

आता प्रश्न सुश्रुतचा होता. दिगंबर सहा दिवसांनी वर पोचणार. त्यानंतर पंधराएक दिवस वाट उघडी. तेवढ्यात कळलं तर सुश्रुत रजा काढून खाली उतरू शकत होता, आजोबांना भेटू शकत होता. वाट बंद झाल्यावर काय, आजोबा गेल्याची बातमी वायरलेसवर येईल आणि पोरगा बर्फात बसून ऐकेल.

"कळवायचं नाही," मनोहर मिक्सरच्या आवाजावर म्हणाला. "बारा माणसं आहेत त्याच्या हाताखाली. त्याचं लक्ष इकडे लागलं आणि तिकडे काही कमीजास्त झालं तर? दिगंबरला मी सांगून ठेवलंय, सगळं क्षेम आहे म्हणून सांग."

शैलाताईंचं म्हणणं अगदी उलटं. ज्या आजोबांनी त्याला खांद्यावर घेऊन हुगळीच्या काठानं फिरवलं, त्यांचं शेवटचं तोंड बघायचा त्याचा हक्क तू कोण हिरावून घेणार, असं त्यांनी भावाला विचारलं. मन्या, तू लहानपणापासून भित्रा, हेही सांगितलं. भावानं मिक्सर बंद केला, साखरेचं पीठ झालं होतं, पुन्हा मूठभर साखर टाकली आणि पुन्हा चालू केला. मग दोघांनी एकदमच लीनाकडे पाहिलं. आई तीच होती.

लीना ओट्यावर सांडलेली साखर गोळा करायला लागली. या घरात बातमी दडवण्याचा प्रयोग पूर्वी एकदा झाला होता आणि तो तिच्यावरच झाला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी सुश्रुत जन्मला आणि त्याच दिवशी तिचे वडील सांगलीला वारले. फोन आला तो आप्पांच्या कचेरीत. आप्पांनी घरी येऊन फर्मान काढलं की बारसं होईपर्यंत बाळंतिणीला कळता कामा नये. कुणाची टाप होती मोडायची? लीनानं बाराव्या दिवशी जरीची साडी नेसून पाळणा म्हटला. नाव ठेवताना हसली, त्याचा फोटोही आहे. तेराव्या दिवशी तिला कळलं की ती हसत होती तेव्हा सांगलीला वडिलांचं बारावं चाललं होतं. मनोहरला तिनं वर्षभरात माफ केलं, संसार करायचा होता. आप्पांना केलं नाही. भांडलीही नाही. त्यांचं पथ्यपाणी, औषधं, धुणं सगळं चोख केलं, पण कामापलीकडचा एक शब्द त्यांच्याशी बोलली नाही. आप्पाही त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

म्हणून तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. सुश्रुतला कळवावं असं तिला आतून वाटत होतं, पण ते पोरासाठी वाटतंय की आप्पांच्या त्या जुन्या फर्मानावर सूड उगवायचाय, हे तिचं तिलाच नक्की सांगता येईना. जेवणानंतर सांगते, एवढं म्हणून तिनं मिक्सरचं बटण बंद केलं.

जेवायला आप्पाही टेबलाशी आले. त्यांना धरून आणलं चैत्रालीनं. ही लीनाची धाकटी, वय एकोणीस, जन्मापासून कोलकात्यात वाढलेली. हिचं मराठी घरापुरतं, आणि त्यातही मधूनच बंगाली डोकावायचं. दोन वर्षांपासून आप्पांचे हात थरथरतात, तेव्हापासून दादाला जाणारी त्यांची पत्रं ते सांगत आणि ही लिहून घेई. दुपारचे दोन तास खोलीचं दार लावून दोघं बसत. सुश्रुत वर गेल्यापासून आप्पांनी एक पद्धत पाडली होती. वाट बंद असते त्या काळातल्या प्रत्येक रविवारचं एक पत्र आधीच लिहून ठेवायचं, पाकिटावर तारीख घालायची आणि सगळा गठ्ठा खोक्यातून द्यायचा. दोन नोव्हेंबर ते मार्चअखेर, असे बावीस रविवार. लीनाला हे माहीत होतं, पण त्या पत्रांत असतं काय हे तिनं कधी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचे उपदेश असणार, दुसरं काय.

दिगंबर तिसऱ्यांदा आमटी घेताना म्हणाला, "आजोबा, यंदा त्या म्हातारीचं काय ते एकदा सांगून टाका. वर्षभर पोरं माझं डोकं खातायत."

कोणती म्हातारी, असं शैलाताईंनी विचारलं, आणि मग दिगंबरनं जे सांगितलं ते ऐकताना लीना वाढायची थांबली.

गेल्या हिवाळ्यातल्या पहिल्या रविवारी साहेबांनी आजोबांचं पत्र उघडलं ते स्वतःशीच वाचायला. वाचता वाचता हसले, म्हणून कुणीतरी म्हणालं, आम्हाला पण वाचून दाखवा. पत्रात एक गोष्ट होती. टाटानगरहून निघालेली मालगाडी, तिचा एकटा गार्ड, आणि पावसातून चुकून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्यात, चढलेली एक म्हातारी, जिला आपल्या गावाचं नाव आठवत नाही. फक्त एवढंच आठवतं की स्टेशनाबाहेर दोन ताडाची झाडं आहेत आणि एक वाकडं आहे. गार्डानं तिला उतरवायचं कुठं? पत्र तिथंच संपलं होतं. पुढचं पाकीट समोर होतं, पण त्यावर पुढच्या रविवारची तारीख. पहाऱ्यावरचा एक सोडून बाकीच्या अकरा जणांनी साहेबांची विनवणी केली. साहेबांनी पाकीट उशीखाली ठेवलं आणि सांगितलं, आजोबांचा हुकूम आहे.

त्यानंतर सगळा हिवाळा ती मालगाडी त्या बंकरमधून चालली. रविवारी पहारा नको म्हणून पोरं बाकीचे सहा दिवस पहारे अंगावर घ्यायची. ताडाच्या झाडांवरून पैजा लागायच्या. फेब्रुवारीत एक पोरगा, गणपत नावाचा, हिमदंशानं पायाची दोन बोटं गेलेला, हेलिकॉप्टर त्याला न्यायला आलं तर म्हणतो कसा, परवा रविवार आहे, परवा येऊ दे.

"काकू, वर सगळं पांढरं असतं," दिगंबर म्हणाला. "दिवस कुठला, महिना कुठला, काय समजत नाही. साहेब पाकीट फोडतात, तेव्हा आमचा रविवार होतो."

आप्पा मान खाली घालून वरणभात चिवडत होते. त्यांचे कान तांबडे झाले होते. मागच्या वर्षी बावीस पत्रं संपली आणि म्हातारी अजून गाडीतच राहिली, हा माझा हिशेब चुकला, असं ते पुटपुटले. लीना त्यांच्याकडे बघतच राहिली. ज्या माणसाला तिनं तीस वर्षं पथ्याचं वाढलं, त्या माणसाच्या शब्दासाठी सोळा हजार फुटांवर बारा जवान आठवडाभर श्वास रोखून बसतात, आणि हे या घरातल्या कुणालाही माहीत नव्हतं. तिला एकदम त्या टेबलाशी बसलेला म्हातारा अनोळखी वाटायला लागला, आणि मोठाही.

जेवणं झाली, आप्पांना झोप लागली, आणि चैत्राली दोन्ही हातांत पत्रांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. काट्यावर ठेवला तर अर्ध्या किलोच्या थोडा वर.

खोकं आधीच पाच किलो भरलेलं. मनोहर म्हणाला की पत्रं काय, मागाहून टपालानंही जातील. त्यावर दिगंबर दिवाणावरून उठूनच बसला. पत्रं नसतील तर मला वर चढूच देणार नाहीत, फराळ ठेवा नाहीतर टाका, असं तो म्हणाला. मनोहरनं हसून गठ्ठा उचलला आणि वरचं पाकीट बघून त्याचं हसू मावळलं. त्यावर रविवारची तारीख नव्हती. 'दिगंबर पोचेल त्याच दिवशी उघडावे' असं लिहिलं होतं. आणि पाकीट चिकटवलेलं नव्हतं.

"यात काय आहे?" त्यानं मुलीला विचारलं.

चैत्राली आधी आईकडे बघत राहिली आणि मग रडायलाच लागली. आप्पाआजोबांना सगळं माहीत आहे, एवढंच तिला धड बोलता आलं. सप्टेंबरपासूनच माहीत आहे. तुम्ही सगळे डॉक्टरांशी कोपऱ्यात बोलत होता आणि आजोबा नर्सशी बंगालीत बोलत होते. पन्नास वर्षं या गावात काढलेल्या माणसापासून या गावातली गोष्ट लपवायला निघालेले मनोहर आणि शैलाताई एकमेकांकडे बघत राहिले. पाकीट उघडंच का ठेवलं, तर आजोबा म्हणाले की ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, आता माझ्याकडे चोरून ठेवण्यासारखं काही नाही.

वाच, असं लीना म्हणाली. चैत्रालीनं डोळे पुसले आणि आपल्याच हातचं लिहिलेलं, अडखळत अडखळत, वाचलं.

'चिरंजीव सुश्रुत यास अनेक आशीर्वाद. मला झालेला आजार बरा होणारा नाही. डॉक्टरांनी तुझ्या बाबांना सांगितलं, बाबांनी मला सांगितलं नाही, म्हणून मी परस्पर विचारून घेतलं. दिवाळी माझी आहे, पुढचं माझ्या हातात नाही. घरातले हे तुला कळवणार नाहीत. त्यांच्यावर रागावू नकोस, ही विद्या त्यांना मीच शिकवली. फार वर्षांपूर्वी मी एका माणसाच्या वाटणीचं दुःख त्याला न विचारता माझ्याकडे ठेवून घेतलं. मला वाटलं मी दया करतोय. दुःख ज्याचं त्याला वेळेवर पोचतं करावं, हे मला रेल्वेत राहूनही कळलं नाही. तुझी वाट अजून पंधरा दिवस उघडी आहे. यावंसं वाटलं तर ये. तिथं तुझी गरज जास्त असेल तर राहा. मी दोन्हीला राजी आहे, पण ठरवायचं ते तू. बाकीची पत्रं त्या त्या तारखेलाच उघड. मी असलो काय नसलो काय, गोष्ट या खेपेला पुरी केली आहे.'

खाली रस्त्यावर दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू ट्रकवर टाकायचं काम चाललं होतं, तेवढाच आवाज. दिगंबर उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला.

मग उलटंच झालं. सकाळपासून कळवा कळवा म्हणणाऱ्या शैलाताईंनी चैत्रालीच्या हातातलं पत्र ओढून घेतलं आणि पदराआड धरलं. हे नाही जायचं, असं त्या म्हणाल्या. कळवायचं म्हणजे तब्येत बरी नाही, येऊन जा, असं काहीतरी. हे असं नाही. हे वाचून पोरगं कोसळेल. पण त्यांच्याकडे बघितल्यावर कळत होतं की कोसळल्या होत्या त्या स्वतः. आप्पा जाणार हे त्या महिनाभर बोलत होत्या; आप्पांनी ते स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं त्यांना ऐकवेना. आणि मनोहर, ज्यानं दिगंबरला क्षेम पढवून ठेवलं होतं, तो खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होता. मान वर करून तो म्हणाला, "ताई, दे ते. आप्पा घाबरले नाहीत तर मी कशाला घाबरू?"

शैलाताई देईनात. भाऊ उठेना. लीना पुढं झाली.

"शैलाताई," ती म्हणाली, "त्या एका माणसाचं म्हणून यात लिहिलंय, ती मी. माझं मला तेव्हा कुणी दिलं नाही. सुश्रुतचं त्याला जाऊ द्या."

शैलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. ते बारसं त्यांनाही आठवत असणार. पाळण्याची दुसरी दोरी त्यांच्याच हातात होती. त्यांनी पत्र लीनाच्या हातात दिलं, आणि मग जाऊन आपल्या अनारशांची पुडीच खोक्यातून बाहेर काढली. ती त्यांनी दिगंबरच्या पुढ्यात ठेवली, गाडीत खा म्हणाल्या. लीनानं चकल्यांची पिशवी काढली. काटा पुन्हा पाचवर आला.

पत्रं खोक्यात तळाशी ठेवायची की वर यावर दिगंबर म्हणाला की खोक्यात नकोच, मी अंगावर ठेवतो, आतल्या जाकिटात. पाऊस लागला तर तेवढं तरी कोरडं राहील. म्हणून लीना गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला आपल्या खोलीत घेऊन गेली. तारखा लागलेल्या आहेत ना, म्हणून एकेक पाकीट बघायला लागली. दोन नोव्हेंबर. नऊ. सोळा. डिसेंबर आला. संक्रांतीच्या आदल्या रविवारचं पाकीट जरा जाड होतं. जानेवारी, फेब्रुवारी. या तारखांपैकी कुठल्या तारखेपर्यंत आप्पा असतील, हा विचार तिच्या मनात आला, आणि आप्पांनी तो प्रत्येक पाकिटावर तारीख घालताना केला असणार, हेही आलं. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस दुपारी दार लावून आपल्या पश्चातल्या रविवारांची तजवीज करत बसला होता, त्यात म्हातारीचं गाव शोधून देत होता. लीनाच्या अंगावर काटा आला. देवळात शिरताना येतो तसा.

एकोणतीस मार्च हे बाविसावं पाकीट. पहिलं धरून तेवीस. पण हातात आणखी एक उरलं होतं.

त्यावर तारीख नव्हती. चैत्रालीचं गोल गोल अक्षरही नव्हतं. अक्षर असं की मुंगीला शाईत बुडवून कागदावर सोडलं असावं, तरी लीनानं ते ओळखलं. आप्पांच्या थरथरत्या हातचं. 'सुश्रुत, हे तू फोडू नकोस. वाट उघडल्यावर खाली येशील, तेव्हा घरी आणून आईच्या हातात दे.' आणि त्याखाली, 'सौ. लीना हिस.'

चैत्राली दारात उभी होती. ते एक आजोबांनी मला लिहू दिलं नाही, असं ती म्हणाली. चार दिवस लागले त्यांना. मी धरू का हात म्हटलं, तर नाही म्हणाले.

"आत काय आहे?"

"माहीत नाही, आई. तुला वाचायचं तर वाच ना. तुझंच आहे."

तिचंच होतं. सत्तावीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती असं तिला स्वतःलाही कबूल करवत नव्हतं, ते तिच्या तळहातावर होतं आणि त्याला वजनही नव्हतं. फोडायला बोटाचं एक नख पुरलं असतं. ज्यानं लिहिलं तो भिंतीपलीकडे निजला होता. आठ पावलांवरच्या माणसाला त्यानं हे पत्र सिक्कीमच्या डोंगरावरून पाठवायचं ठरवलं होतं, सगळा हिवाळा तिथं बर्फात राहून मग मुलाच्या हातून यावं असं, तो स्वतः नसताना. का, ते तिला कळलं. समोरासमोर त्याला जमलं नसतं. तिलाही नसतं जमलं. तिनं लगेच काहीतरी बोलून त्याला सोडवलं असतं, राहू द्या हो आप्पा, किंवा त्याहून वाईट म्हणजे नसतं सोडवलं. आणि तिच्या वडिलांची बातमी ज्यानं रोखून धरली होती, तो माणूस आता आपलंच सांगणं इतक्या लांबून, इतक्या हातांतून, पोचेलच अशा भरवशानं पाठवत होता. तो भरवसा मोडायची तिची छाती होईना.

लीनानं ते पाकीट गठ्ठ्यात सर्वांत शेवटी ठेवलं, प्लॅस्टिकच्या दोन घड्या घातल्या, वर दोरा बांधला आणि बाहेर येऊन गठ्ठा दिगंबरच्या हातात दिला.

साडेपाचला मनोहर त्याला सियालदहला पोचवायला टॅक्सीनं गेला. शैलाताई खाली फाटकापर्यंत गेल्या आणि तिथूनही सूचना देत राहिल्या. घरात चैत्राली भांडी आवरत होती. लीना आप्पांच्या खोलीत गेली. ते जागे होते, खिडकीकडे तोंड करून. टॅक्सी वळेपर्यंत ते बघत होते हे तिच्या लक्षात आलं.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"सगळी दिलीस?"

"सगळी," लीना म्हणाली. "चोवीस."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. पाकीट फोडलं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिला सांगावं लागलं नाही. मग त्यांनी हळूहळू, बराच वेळ घेत, आपले पाय जवळ ओढले आणि पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा केली.

लीना बसली.